शस्त्रक्रियेनंतरची चाळीस वर्षे

ज्या देशांत लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया गेली पन्नास-साठ वर्षे नियमितपणे होत आल्या आहेत, तेथे जन्मजात हृदयदोष असलेल्या माणसांत आता मुले कमी आणि प्रौढ अधिक आहेत. कॅनडातील क्वेबेक प्रांतातील आरोग्यनोंदी अभ्यासल्या गेल्या तेव्हा २०१० साली तेथील अशा रुग्णांपैकी जवळपास दोन तृतीयांश प्रौढ असल्याचे आढळले. दर शंभर जन्मांमागे साधारण एका बाळाच्या हृदयात काही ना काही दोष असतो, आणि उत्तम उपचार मिळतात तेथे त्यांतील सुमारे नव्वद टक्के मुले आज वयात येतात. तरीही या आजाराचा विषय निघाला की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पाळण्यातले बाळच उभे राहते. निधी त्याच्यासाठी गोळा होतो, विभाग त्याच्यासाठी उभारले जातात, यशाची टक्केवारी त्याच्याच शस्त्रक्रियेची मांडली जाते. ते बाळ पस्तिशीत पोहोचल्यावर त्याला कोणी तपासायचे, हे मात्र बहुतेक ठिकाणी कोणीच ठरवलेले नसते. माझे म्हणणे असे की, जी संस्था एखाद्या मुलाच्या हृदयाची रचना बदलते, तिने त्या माणसाच्या पुढच्या सगळ्या आयुष्यातील देखभालीची जबाबदारी त्याच दिवशी अंगावर घेतलेली असते. ती पाळली जावी यासाठी रुग्णाच्या जागरूकतेवर विसंबून चालणार नाही. तिला नियमाचे, निधीचे आणि मोजमापाचे पाठबळ हवे.

सगळे लक्ष बालपणावरच का एकवटले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते. १९३८ साली बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी, जन्मानंतर आपोआप मिटायला हवी होती पण उघडीच राहिली होती अशी एक रक्तवाहिनी लहान मुलीच्या छातीत बांधून टाकली. १९४४ मध्ये बाल्टिमोरला हेलन टॉसिग यांची कल्पना, व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत कसून सिद्ध केलेले तंत्र आणि आल्फ्रेड ब्लेलॉक यांचा हात, अशा तिघांच्या कष्टांतून, रक्तात प्राणवायू कमी पडल्याने निळ्या पडणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांकडे जादा रक्त वळवणारी शस्त्रक्रिया जन्माला आली. (थॉमस हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ, त्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना मिळायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली, ही गोष्ट या इतिहासात सांगायलाच हवी.) १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदयातील छिद्र बंद केले, आणि पुढच्याच वर्षी मिनियापोलिसमध्ये वॉल्टन लिलेहाय यांनी जन्मदात्याचेच रक्ताभिसरण मुलाच्या शरीराला जोडून मुलांची हृदये उघडली आणि दुरुस्त केली. त्या सर्वांपुढे प्रश्न एकच होता, की हे मूल जगेल का. ते चाळिशीत कसे असेल, हे विचारायला त्यांना उसंत नव्हती, आणि त्यासाठी त्यांना दोष देण्याचे कारणही नाही. पण ती मुले जगली, मोठी झाली, त्यांतील कित्येकांना नातवंडे झाली, आणि आरोग्यव्यवस्था अजूनही त्याच पहिल्या प्रश्नाभोवती बांधलेली आहे, याचे समर्थन आज करता येणार नाही.

मुळातच एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. शस्त्रक्रिया झाली म्हणजे हृदय निर्दोष झाले, असे पालकांना वाटते, शाळेला वाटते, पुढे त्या मुलाला स्वतःलाही वाटते. काही दोषांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही असते. लहानपणीच बंद केलेल्या उघड्या वाहिनीचा किंवा साध्या छिद्राचा पुढे सहसा त्रास होत नाही. गुंतागुंतीच्या दोषांत मात्र शल्यविशारद हृदयाला चालते करतो, आणि त्या नव्या जोडणीचे परिणाम वयाबरोबर पुढे येत राहतात. टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा दोष घ्या. त्यात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधले छिद्र बंद करतात आणि फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करतात. ती रुंद करताना तेथील झडप बहुतेकदा निकामी होते आणि प्रत्येक ठोक्यागणिक थोडे रक्त मागे उजव्या कप्प्यात गळते. वीस-पंचवीस वर्षे तो कप्पा हे निमूटपणे सोसतो आणि हळूहळू फुगत जातो. मग कधी दम लागू लागतो, कधी ठोक्यांची लय बिघडते, आणि काही थोड्यांच्या बाबतीत पहिले लक्षण म्हणजे अचानक मृत्यू असतो. नवी झडप कधी बसवायची, हा निर्णय अतिशय नाजूक आहे. फार लवकर बसवली तर ती झिजून पुन्हा बदलावी लागते. फार उशिरा बसवली तर फुगलेला कप्पा पूर्वपदावर येत नाही. पॅरिसमध्ये फिलिप बोनहोफर यांनी छाती न उघडता, नलिकेतून ही झडप बसवून दाखवली आणि २००० साली ते प्रसिद्ध झाले, तेव्हापासून अनेकांची दुसरी-तिसरी मोठी शस्त्रक्रिया टळू किंवा लांबू लागली. पण योग्य वेळ गाठायची तर त्या कप्प्याची एमआरआयवरची मोजमापे वर्षानुवर्षे कोणीतरी एकापुढे एक ठेवून पाहावी लागतात. मधली दहा वर्षे रुग्ण कोणालाच भेटलेला नसेल, तर तुलना कशाशी करायची?

ज्यांच्या हृदयाला एकच धड पंप असतो त्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. बोर्दोमध्ये फ्रान्सिस फोंटन यांनी १९६८ साली पहिल्यांदा केलेल्या आणि १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेत शरीराकडून परतणारे रक्त कोणत्याही पंपाशिवाय थेट फुप्फुसांत सोडले जाते. या युक्तीने हजारो मुले जगली. तिची किंमत अशी की शिरांमधला दाब जन्मभर चढलेला राहतो. तो दाब सोसता सोसता यकृत घट्ट होत जाते. काहींना सिरोसिस होतो, काहींना यकृताचा कर्करोगही. काहींच्या आतड्यांतून प्रथिने झिरपून जातात आणि अंगाला सूज येते. म्हणजे हृदय ठीक चालले आहे एवढे सांगून अशा रुग्णाला घरी पाठवता येत नाही, त्याचे यकृतही नियमितपणे तपासावे लागते. ज्याने लहानपणी फक्त हृदयाचा डॉक्टर पाहिला आहे, त्याला हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसे?

तिसऱ्या एका गटाकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांची जन्मतःच अदलाबदल झालेली असते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ओके सेनिंग यांनी आणि १९६३ मध्ये विल्यम मस्टर्ड यांनी अशा मुलांच्या हृदयातील वरच्या कप्प्यांत रक्ताचा मार्ग वळवून त्यांना वाचवले. मात्र त्या उपायात, फुप्फुसांपुरते काम करण्यासाठी घडलेला उजवा कप्पा साऱ्या शरीराला रक्त पुरवत राहतो आणि काही दशकांनी थकू लागतो. १९७५ मध्ये आदिब जातेने यांनी वाहिन्याच मूळ जागी बसवण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि पुढच्या दशकात जुनी पद्धत जवळपास मागे पडली. आज त्या जुन्या पद्धतीची माणसे चाळिशी, पन्नाशी आणि साठीत आहेत, तर त्या शस्त्रक्रिया स्वतः केलेले शल्यविशारद निवृत्त झाले आहेत किंवा हयात नाहीत. तरुण हृदयरोगतज्ज्ञाने असे हृदय प्रशिक्षणात एकदाही पाहिलेले नसण्याची शक्यता मोठी आहे. रुग्ण जिवंत असताना त्याच्या हृदयाविषयीचे ज्ञान मात्र मरू द्यायचे, ही वैद्यकशास्त्राला न शोभणारी गोष्ट आहे. ते ज्ञान मोजक्या केंद्रांत जाणीवपूर्वक सांभाळले नाही तर दुसरे काही होणारही नाही.

हृदयरोगतज्ज्ञ तर सगळीकडे आहेत, मग वेगळी व्यवस्था कशाला, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो वरवर पाहता बरोबर वाटतो. पण प्रौढांच्या हृदयरोगतज्ज्ञाचे शिक्षण मुख्यतः हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या, रक्तदाब आणि उतारवयातले हृदय यांभोवती झालेले असते. जन्मजात दोषात साध्या साध्या गोष्टी उलट्या पडतात. ज्या हाताची धमनी लहानपणी फुप्फुसाकडे वळवली गेली आहे, त्या हातावर घेतलेला रक्तदाब खोटा कमी येतो, आणि ते ठाऊक नसेल तर उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे नजरेतून सुटतो. न बुजवलेल्या मोठ्या छिद्रामुळे फुप्फुसांतला दाब कायमचा चढून जे रुग्ण निळे पडतात, म्हणजे ज्यांना आयझेनमेंगर सिंड्रोम झालेला असतो, त्यांचे रक्त दाट होते. ते पाहून कोणी चांगल्या हेतूने वारंवार रक्त काढले तर शरीरातले लोह संपते आणि पक्षाघाताचा धोका उलट वाढतो. त्यांच्याच शिरेत सलाइनमधून गेलेला हवेचा बुडबुडा फुप्फुसांत न अडकता थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. भूल देणाऱ्या डॉक्टरला, दंतवैद्याला, आकस्मिक विभागातील परिचारिकेला यातले प्रत्येक तपशील पाठ असावेत ही अपेक्षा अवाजवी आहे. फोन उचलणारे आणि नेमके उत्तर देणारे एक केंद्र त्यांच्यामागे असावे, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.

लक्षणांवर विसंबून राहता येत नाही, हेही फार थोड्यांच्या लक्षात येते. जन्मापासून ज्याने धडधाकट हृदय अनुभवलेलेच नाही, त्याला आपला दम लवकर संपतो हे समजणार तरी कशावरून? मित्र चार मजले चढतात, आपण दुसऱ्या मजल्यावर थांबतो, हे त्याने आपल्या स्वभावाचा भाग म्हणून स्वीकारलेले असते. व्यायामचाचणी घेतली की स्वतःला ठणठणीत म्हणवणाऱ्यांचीही क्षमता समवयस्कांपेक्षा बरीच कमी निघते. म्हणून त्रास झाला तर या, असे सांगून रुग्णाला सोडून देणे म्हणजे त्याला न सांगणेच आहे.

आणि रुग्ण हातातून निसटतात ते नेमके तारुण्याच्या उंबरठ्यावर. टोरांटोमध्ये गुंतागुंतीच्या दोषांच्या तरुणांचा माग काढला गेला तेव्हा बालरुग्णालयातून प्रौढांच्या विशेष केंद्रात यशस्वीपणे पोहोचलेले निम्म्याहूनही कमी, ४७ टक्के, निघाले; तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. क्वेबेकमधल्या २००९ सालच्या अभ्यासात अठरा ते बावीस वयोगटातील ६१ टक्के रुग्णांची हृदयतपासणी झालेली नव्हती. त्यांत सौम्य दोषांचे रुग्ण बरेच होते हे खरे, पण गंभीर दोष असलेल्यांपैकीही सुमारे पाचवा हिस्सा गायब होता. ही दोन्ही ठिकाणे अशी आहेत की जेथे उपचाराचा खर्च सरकार उचलते. खर्च जेथे घरच्यांच्या खिशातून होतो तेथे गळती याहून कमी असेल, असे मानायला काही आधार नाही.

या गळतीचे खापर तरुणांच्या बेफिकिरीवर फोडणे मला अन्यायाचे वाटते. त्या मुलाने सोळा-सतरा वर्षे दवाखान्यात काय अनुभवलेले असते ते पाहावे. डॉक्टर बोलतात ते आईशी, औषधे लक्षात ठेवतो बाप, फाइल असते कपाटात; मुलगा तपासणीच्या टेबलावर निजून छताकडे पाहत असतो. आपल्या दोषाचे नाव, झालेल्या शस्त्रक्रियेचे नाव, पुढे काय होऊ शकते, यातले काहीही त्याला थेट सांगितलेले नसते. मग एका वाढदिवसानंतर त्याच्या हाती चिठ्ठी दिली जाते आणि यापुढे मोठ्यांच्या डॉक्टरकडे जा, असे सांगितले जाते. त्याच सुमारास शिक्षण किंवा नोकरीसाठी गाव बदलते. जुन्या कागदपत्रांची जपणूक ठरावीक वर्षांपुरतीच करण्याचा रुग्णालयांचा नियम असतो, त्यामुळे शस्त्रक्रियेचा मूळ अहवाल हवा होतो तेव्हा तो नष्ट झालेला असतो. अशा स्थितीत तो तरुण परत आला नाही तर त्यात आश्चर्य ते काय? बाराव्या-तेराव्या वर्षापासून डॉक्टरांनी त्याच्याशी काही वेळ एकट्याने बोलायला हवे, त्याच्या हृदयाचे चित्र त्याच्याकडूनच काढून घ्यायला हवे, आणि नव्या डॉक्टरची पहिली भेट जुन्या डॉक्टरच्या उपस्थितीत व्हायला हवी. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ज्या परिचारिकेचे काम फक्त हे हस्तांतर पाहणे आहे, असे एक पद लागते, आणि पुढची तारीख चुकली तर रुग्णालयाकडून फोन जाण्याची पद्धत लागते.

स्त्रियांच्या बाबतीत या गळतीची किंमत सर्वांत आधी चुकवावी लागते. गरोदरपणात शरीरातले रक्त सुमारे निम्म्याने वाढते आणि तो भार काही हृदये सहज पेलतात, काहींना तो मुळीच पेलवत नाही. आयझेनमेंगर असलेल्या स्त्रियांत गरोदरपणातील मृत्यूचे प्रमाण जुन्या अहवालांत तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत नोंदलेले आहे. दुसरीकडे, दुरुस्त झालेल्या अनेक दोषांत योग्य देखरेखीखाली बाळंतपण सुखरूप होते, तरीही कित्येक मुलींना लहानपणीच, कसलीही तपासणी न करता, तुला मूल होणार नाही असे सांगून टाकलेले असते. दोन्ही चुकांचे मूळ एकच: विचारायला योग्य माणूस नाही. गर्भनिरोधनाचा प्रश्नही असाच. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो आणि फोंटन यांची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा निळसर राहणाऱ्या स्त्रीसाठी तो घातक ठरू शकतो. ही चर्चा पहिल्या गरोदरपणाच्या आधी, किंबहुना लग्नाच्याही आधी व्हायला हवी. आई-वडिलांपैकी एकाला दोष असेल तर बाळात तो येण्याची शक्यता सर्वसाधारण लोकांपेक्षा काही पटींनी अधिक असते आणि गर्भाचा इको, म्हणजे त्याच्या हृदयाची ध्वनिलहरींनी केलेली तपासणी, करून ते आधी पाहता येते. या वयातल्या स्त्रीला हे सांगणारे कोणी नसेल, तर तिच्या बालपणी केलेल्या अवघड शस्त्रक्रियेचे आपण कौतुक तरी कोणत्या तोंडाने करायचे?

विशेष केंद्रांनी फरक पडतो का, असे धोरण आखणाऱ्यांनी विचारावे हे योग्यच आहे. कॅनडात १९९८ साली अशा रुग्णांना विशेष केंद्रांकडे पाठवण्याची शिफारस करणारी मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यानंतर क्वेबेकमध्ये तेथे जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, विशेष केंद्रात उपचार घेणाऱ्यांमधले मृत्यू कमी आढळले, विशेषतः गंभीर दोषांच्या बाबतीत. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, म्हणून त्यातून कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध होतो असे मी म्हणणार नाही. पण त्याच्या उलट दिशेला बोट दाखवणारा तितक्या तोलाचा पुरावाही समोर नाही. लंडनच्या नॅशनल हार्ट हॉस्पिटलमध्ये जेन सॉमरव्हिल यांनी १९७५ मध्येच किशोर आणि प्रौढ रुग्णांसाठी वेगळा कक्ष उघडला होता. अमेरिकेत या शाखेची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा २०१५ मध्ये पहिल्यांदा झाली. मधली चाळीस वर्षे पाहिली की उणीव ज्ञानाची होती की इच्छेची, याचा अंदाज येतो.

साधने अपुरी आहेत, हा आक्षेप मात्र मला खरोखर जड वाटतो. सगळ्याच रुग्णांनी आयुष्यभर दर वर्षी मोठ्या केंद्रात यावे असा आग्रह धरला तर केंद्रे कोलमडतील आणि रुग्णही वैतागतील. तसे करण्याची गरजही नाही. ज्याचा दोष किरकोळ होता आणि पूर्णपणे मिटला आहे त्याला, आता तुम्हाला आमच्याकडे येण्याची गरज नाही, असे लेखी आणि निःशंकपणे सांगणे हाही देखभालीचाच भाग आहे. नाहक भीती बाळगून जगणारे लोकही थोडे नाहीत. मधल्या गटाला जवळचा हृदयरोगतज्ज्ञ केंद्राच्या सल्ल्याने पाहू शकतो. केंद्राने स्वतः सांभाळायचे ते गंभीर दोषांचे रुग्ण, आणि त्यांची संख्या आवाक्यातली आहे. जिथे बालशस्त्रक्रियाच अजून पुरेशा होत नाहीत अशा गरीब देशांत प्रौढांचा विचार नंतर करू, हा युक्तिवाद तर मला उलटाच वाटतो. तेथे कधीच शस्त्रक्रिया न झालेले प्रौढ मोठ्या संख्येने आहेत, आणि तेथेच दात्यांच्या पैशावर काही दिवसांची शिबिरे भरतात, मुलांची हृदये दुरुस्त होतात, आकडा जाहीर होतो आणि पथक परत जाते. त्या पथकांचे कौशल्य आणि सद्भाव यांबद्दल मला आदर आहे. पण पुढची तपासणी कोण करणार हे ठरवल्याशिवाय शस्त्रक्रिया करू नये, अशी अट दात्यांनी घालायला काय हरकत आहे?

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. बालहृदयशस्त्रक्रियेचा परवाना किंवा सरकारी निधी ज्या संस्थेला मिळतो, तिच्याकडे प्रौढ रुग्णांचा विभाग असावा किंवा अशा विभागाशी लेखी करार असावा. संस्थांचे मूल्यमापन आज बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीस दिवसांतल्या मृत्यूंवरून होते. त्याच तक्त्यात, वीस वर्षांपूर्वी येथे शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी आज किती जण कोणाच्या तरी देखरेखीखाली आहेत, हा रकानाही असावा. दोषाचे नाव, झालेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेचा सारांश, रक्तदाब कोणत्या हातावर घ्यायचा, दातांच्या उपचारापूर्वी प्रतिजैविक लागते की नाही, एवढी माहिती असलेले एक पान रुग्णाच्या स्वतःच्या ताब्यात असावे, आणि मूळ अहवाल त्याच्या हयातीत नष्ट करण्यास मनाई असावी. विभागात मानसोपचारतज्ज्ञ हवा, कारण चिंता आणि नैराश्य या रुग्णांत पुष्कळ आढळते, आणि ज्याच्या छातीवर बालपणापासून व्रण आहे त्याने नोकरीच्या मुलाखतीत, विम्याच्या अर्जात, लग्नाच्या बोलण्यांत काय सांगावे याचा ताण हृदयाच्या तपासणीत दिसत नाही. व्यायामाला सरसकट बंदी घालण्याचे दिवस गेले आहेत. कोणी किती करावा हे चाचणी घेऊन ज्याचे त्याला सांगायला हवे.

आणि शेवटच्या काळाविषयीही बोलायला हवे. गंभीर दोषांसह जगलेल्यांपैकी काहींचे हृदय पन्नाशीपूर्वीच थकेल. प्रत्यारोपण सर्वांना मिळत नाही, आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियांमुळे ते यांच्या बाबतीत अधिक अवघड असते. आजाराच्या अखेरच्या टप्प्याविषयी डॉक्टरांनी आपल्याशी वेळीच, म्हणजे प्रकृती ढासळण्याच्या आधी बोलावे, असे या रुग्णांना वाटते, आणि डॉक्टर मात्र ते बोलणे पुढे ढकलतात, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. हे बोलणे अनोळखी डॉक्टर अतिदक्षता विभागाच्या दारात करू शकत नाही. ते ज्याने दहा-पंधरा वर्षे त्या माणसाला पाहिले आहे त्यानेच करायचे असते, आणि तसा डॉक्टर त्याला मिळवून देणे हे ज्या संस्थेने त्याच्यावर पहिली शस्त्रक्रिया केली तिचे काम आहे.